मोहिनीच्या लांब बाह्या

सन २०१९. जवळा बाजारजवळच्या खेड्यात मोहिनीचा साखरपुडा होता. वैशाखाचं ऊन भाजत होतं आणि पोरीनं मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर घातलं होतं.

बारावीच्या परीक्षेपासून तिची बोटं सारखी दंडाकडे जात. जिवाला घोर लागला की खपली उचकटायची. रक्त निघालं की लाज वाटायची, लाजेनं घोर वाढायचा, की बोटं पुन्हा दंडावर. आई चंद्रभागाबाईनं रागावून पाहिलं, अंगारा लावला, शेवटी लांब बाह्या शिवल्या. सासरी कळलं तर सोयरीक मोडणार, ही दोघींचीही खात्री.

चुड्याचा विचार मात्र कुणीच केला नव्हता. नवऱ्याकडच्यांनी आणलेल्या हिरव्या बांगड्या भरताना कासारीण म्हणाली, "बाही आड येऊन राहिली, बाई," आणि तिनं ती सर्रकन पार दंडापर्यंत वर सारली.

दंडावरच्या खपल्या साऱ्यांपुढं उघड्या पडल्या. होणारे सासरे जळबा पुढं वाकले. जन्म मेंढरांमागं गेलेला.

"अरे, ही तर खरूज! आपल्या काळ्या मेंढीला झाली व्हती, बराबर अशीच. शिवहार, पोरा, पिशवीतलं करंजाचं तेल आण. दोनदा चोळलं की भरभरून लोकर येती!"

एवढ्या भीतीतही मोहिनीला हसू फुटलं. "मामा, लोकर नको मला." आणि हसता हसता खरं बोलून गेली, "खरूज न्हाई. मीच खुडते. थांबवते, पण थांबत न्हाई."

चंद्रभागाबाईनं डोळे मिटले.

"काहून खुडतीस?" सासू नर्मदाबाईंनी विचारलं.

"जीव घाबरला की."

"आता घाबरलाय?"

"लई."

"मंग माझा हात धर." नर्मदाबाई नवऱ्याकडं वळल्या, "तुमी ते तेल मेंढीला ठिवा. अन् शिवहार, तोंडातलं बोट काढ! लहानपणापासून नखं खाऊन राहिलाय, त्याला कुणी सोयरीक न्हाई म्हणलं का? भर गं कासारणी, बांगड्या."

नवरदेवानं बोट पाठीमागं लपवलं. हशा पिकला.

लग्नानंतर नर्मदाबाईंनीच सुनेला हिंगोलीला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. हा आजार आहे, खोड नव्हे, आणि बरा होतो, असं त्या म्हणाल्या. सावकाश गुण आला. घोर लागला तर बोटं अजून कधी दंडाकडे जातात, पण मोहिनी आता ते सासूला सांगते. झंपर ती आखूड बाह्यांचंच घालते. शिवहार नखं खातोच. करंजतेल लावलं असतं तर लवकर बरं वाटलं असतं, असं जळबा अजून म्हणतात. आणि चंद्रभागाबाईनं त्या साऱ्या लांब बाह्या उसवून नातीला दुपटं शिवलं.