तापलेल्या डब्यावरची पावलं

धानोऱ्यात वत्सलाबाईंच्या ओसरीवर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाटावर त्यांच्या सुनेचा, रोहिणीचा, संगणकाचा डबा होता. जुना, करडा, कडा उडालेला. दर हिवाळ्यात गावात उतरणाऱ्या यंत्रनाथ महाराजांनी आठवड्यापूर्वी रंगाचा फवारा मारून त्याला बाजूंनी सोनेरी आणि माथ्यावर काळाकुळकुळीत केला होता.

"कंपनीने देह दिला, प्राण कोण देणार?" महाराज विचारत होते. "नवीन घेऊ नका. आपण जुन्यात देवी बसवतो. कीबोर्ड असो, प्रिंटर असो, मातेला सगळी मॉडेलं चालतात!"

रोहिणीने बटण दाबलं. महाराजांनी डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली. डबा घुमू लागला आणि हळूहळू काळ्या माथ्यावर लाल पावलं उमटली.

"देख माय, पावलं उमटनात!" वत्सलाबाईंना रडू फुटलं.

मी मागे खांबाला टेकून उभा होतो. गावचं वाचनालय मी चालवतो आणि बहुतेक दिवशी तिथला वाचकही मीच असतो. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. निघालाच, तर आपलंच चुकत असेल असं वाटतं. पण रोहिणी जवळ येऊन कुजबुजली, "तात्या, रंग लावा तधळपासून हाऊ मधमाच बंद पडस. तुम्हीच देखा ना."

तिला घरून एका कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायचं काम मिळालं होतं. डबा असा मधेच बंद पडतो म्हणून कंपनीने शेवटची ताकीद दिली होती. काम गेलं, तर लेकीला सासूजवळ ठेवून तिला सुरतेला साड्यांच्या कारखान्यात जावं लागणार होतं.

मी डब्याला हात लावला. चटका बसला. मागे वारा खेळायची जी भोकं असतात, त्यांवर कापड चिकटवून वरून सोनेरी रंग मारला होता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"माता उघडी बसेल का? सोवळं नेसवलंय," महाराज म्हणाले.

लोक हसले. मला पळून जावंसं वाटलं. पण दुकानदार चुनीलालचा प्रिंटरही असाच रंगवलेला, आणि तो दर्शनासाठी कोपऱ्यात बंद, गार ठेवला होता. मी म्हटलं, "गरम चहा आणा."

"तात्याले तलफ उनी!" कोणीतरी ओरडलं.

चहाचा स्टीलचा पेला मी प्रिंटरच्या काळ्या माथ्यावर ठेवला. थोड्या वेळाने उचलला, तर खाली पावलाची लाल बोटं. ओलं फडकं फिरवलं, बोटं गायब.

"या काळ्या रंगाला ऊब लागली की तो पारदर्शक होतो," मी म्हणालो. "पावलं खाली आधीच रंगवलेली असतात. गार झाला की काळा परत. म्हणून महाराज दिवाळीनंतर येतात आणि होळीआधी जातात. आपल्या उन्हाळ्यात ही पावलं दिवसभर झाकलीच जाणार नाहीत. भोकं बुजवली, कारण डबा लवकर तापावा. डबा जितका मरायला टेकेल, तितकी पावलं ठळक."

इतकं सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो. आणि वत्सलाबाई उठून माझ्या पाया पडल्या.

"देवी तात्यालेबी पावनी!"

"बघा!" महाराज गरजले. "नास्तिकाच्या चहातूनही माता आली!"

तो चहा तीर्थ म्हणून वाटला गेला. चुनीलालने दोनदा हात पुढे केला.

एकट्या रोहिणीला कळलं होतं. "तात्या, मी ते कापड फाडस," म्हणत ती पुढे झाली.

"हात लावशी ते मन्हं मरेल तोंड देखशी," सासू म्हणाली. "देवीनं नेसेल शे ते."

त्या शपथेपुढे तिचा हात थांबला. मीही पुढे झालो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ग्राहकाशी बोलता बोलता, डबा बंद पडला तो कायमचा. कंपनीने तिचं नाव काढलं. लेक शाळेत असताना रोहिणीने सुरतेची गाडी धरली.

डबा आता देवघरात आहे. तो स्वतः तापत नाही, म्हणून वत्सलाबाई रोज सकाळी त्यावर गरम चहाचा पेला ठेवतात. हे मीच शिकवलं. पावलं उमटतात, शेजारणी हात जोडतात.

माझ्याने गाव बदलणार नाही. वाचणाऱ्याला एवढंच सांगतो: चमत्कारापुढे हात जोडण्याआधी तो हात एकदा त्या वस्तूला लावून पाहा. आणि चटका बसला, तर कोणाच्याही शपथेला न घाबरता ते कापड फाडा.