माझे तेल आणि त्याचा पंखा

मित्रांनो, मी बेंबळीच्या सहकारी संस्थेच्या वर्कशॉपमधला एक जुना वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर आहे. स्वभावाने जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमचे वेल्डर महारुद्रअण्णा काडेपेटीवर काडी ओढावी तशी वेल्डिंगची कांडी लोखंडावर ओढत. जाळ पेटला की कांडी जराशी उचलून धरत. टेकली तर चिकटते, लांब गेली तर जाळ विझतो. तो एकसारखा राहावा म्हणून मी तापत असे. मला थंड ठेवायला माझ्या पोटात तेल भरलेले होते. बहात्तरच्या दुष्काळात पाण्याच्या टँकरच्या कितीतरी टाक्या मी सांधल्या. अण्णा झाकणावर थाप मारून म्हणत, "वाघ हाय वाघ!"

मग संस्थेने वेल्डिंगचे नवे यंत्र, म्हणजे रेक्टिफायर आणला. चकचकीत रंग, थंड राहायला पंखा आणि जाळ समईसारखा शांत. खंडेनवमीला हार त्याला, मला उरलेल्या कुंकवाचे बोट! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुढे मला कोपऱ्यात ढकलून अण्णांनी माझ्या तेलाची तोटी सोडली. या तेलाने गुडघेदुखी थांबते, असा आमच्याकडे समज. म्हाताऱ्या बाटल्या घेऊन आल्या. पहिली बाटली केशरबाईंची.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात टँकरच्या टाकीची शिवण उकलली आणि नेमकी विजेची एक फेज गेली. त्या नवरदेवाला तिन्ही फेज लागतात. त्याचा जाळ फडफडला आणि विझला. मला दोन पुरतात! खोटे कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"अण्णा, लेकरं तहानंनं बसल्यात. त्या जुन्याला लावा की!" रिकामी घागर टेकवत केशरबाई म्हणाल्या.

"लई दिवस बंद हाय, मावशी. बघू."

अण्णांनी मला जोडले. घाईत तेलाची आठवण कुणालाच झाली नाही. मला होती. पण त्या नवरदेवाच्या डोळ्यांदेखत माघार घेऊ? मी जाळ हलू दिला नाही. वीतभर शिवण उरली तेव्हा आतल्या तारा जळू लागल्या. शिवण पुरी झाली आणि मी कायमचा बंद पडलो.

टँकर पाणी आणायला गेला. अण्णांनी माझे झाकण उघडले आणि वाकून कोरड्या पोटात पाहिले.

"आगं बया, ह्येचं तेल तर माझ्या गुडघ्याला हाय," केशरबाई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिसरी फेज आली. त्याचा पंखा गरगरू लागला. तो आवाज अजूनही मला सोसत नाही.

मित्रांनो, नवे खुशाल आणा. जुन्याला कोपऱ्यात ठेवा. पण त्याच्या पोटातले तेल काढू नका. काढलेच, तर पुन्हा त्याला हाक मारू नका. कारण हाक मारली की आम्ही येतो.