मंगळवारचा शिक्का

“खिशात घाला ने, जनार्दनभाई! सांजे घरीच तर जवानुं छे.”

शेजारी बसणाऱ्या कारकून जयंतीभाईंनी पाकीट टेबलावरून पुढे सरकवले. वर पत्ता तरसालीचा. नाव देवश्रीचे, म्हणजे जनार्दनच्या मुलीचे. प्रवेशाच्या प्रतीक्षायादीत ती चौथी होती, आधीच्या तिघांना प्रवेश मिळाला होता आणि आता आणखी एक जागा रिकामी झाली होती. शुक्रवारी पाचपर्यंत लेखी संमती आली नाही, तर जागा पाचव्या क्रमांकाला मिळणार होती.

“पत्रं रजिस्टर टपालानं जातात,” जनार्दन म्हणाला. “सगळ्यांची.”

सयाजीगंजातील या व्यवस्थापन संस्थेत तो सव्वीस वर्षे आवकजावक सांभाळत होता. देश खुला झाल्यापासून संस्थेत पारदर्शकतेवर वर्षाला दोन परिसंवाद होत. संशय घेण्याचा अधिकार मात्र पदानुसार वाटलेला होता. देवश्रीचा अर्ज आला त्याच दिवशी यादीची फाइल जनार्दनच्या कपाटातून संचालकांच्या कपाटात गेली. पाचवा क्रमांक नीलचा, एका विश्वस्तांच्या पुतण्याचा. विश्वस्तांकडची कोणतीही किल्ली कोणी परत मागितली नाही.

पत्र टपालात पडले त्या मंगळवारी संध्याकाळी देवश्रीने विचारले, “पप्पा, काही कळलं?”

“मला कुठून कळणार?”

बुधवारी तेच. गुरुवारी तिने विचारले नाही. नुसती पाहत राहिली. जनार्दनने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तो विरघळेपर्यंत तसाच धरून ठेवला. पत्र गुरुवारी पोहोचायलाच हवे होते.

शुक्रवारी पोस्टमन तरसालीत आला तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते. देवश्री धापा टाकत संस्थेच्या आवकजावक खिडकीशी पोहोचली, तेव्हा जयंतीभाई डबा पिशवीत भरत होते. तिने संमतीपत्र आत सरकवले आणि त्यावर ते पाकीट ठेवले.

“पप्पा, यावर मंगळवारचा शिक्का आहे.”

जनार्दनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पाच वाजून सात मिनिटे.

“तुम्हाला माहीत होतं.”

“पत्र माझ्या हातून गेलं असतं, तर उद्या म्हणाले असते, बापानं...”

“आज लोक काय म्हणतायत ते ऐकलंत का कधी? मी चौथी कशी आले, तेसुद्धा तुम्हीच केलंत म्हणतात!”

जयंतीभाई मध्ये पडले. “अरे, चार पंचावन लखो ने! कोण जुए छे, कोण बघतंय?”

जनार्दनने आवक नोंदवहीत लिहिले : ५.०७. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले. देवश्री ते पूर्ण होईपर्यंत थांबली, मग पाकीट उचलून एकटीच बसथांब्याकडे गेली. पुढे कित्येक दिवस ते तिच्या कपाटाच्या आरशात खोचलेले होते, शिक्का दिसेल असे.

सोमवारी संचालकांच्या सहीचे नीलचे पत्र जावकसाठी आले. त्याच ट्रेमध्ये, त्याच्याखाली, नीलची संमती होती. सुबक टंकलिखित, तारीख शुक्रवारची. उत्तर पत्राआधीच पोहोचले होते.

जनार्दन दोन्ही कागद घेऊन संचालकांकडे गेला. त्यांनी तारीख पाहिली, त्याच्याकडे पाहिले.

“जनार्दन, मुलीचं झालं नाही म्हणून माणसानं इतकं कडू होऊ नये.”

तो परतला. संमती आवकमध्ये चढवली, खरी तारीख, सोमवारची, आणि खरी वेळ. नीलचे पत्र पाकिटात घातले, डिंक लावला आणि शिपायाला न देता स्वतः टपाल कचेरीत जाऊन रांगेत उभा राहिला.

“पोहोचपावती जोईए?” खिडकीतल्या बाईंनी विचारले.

“हो,” जनार्दन म्हणाला. “पत्र मिळाल्याच्या तारखेसकट.”