चिठ्ठीवरचा डाळ-भात

मी परशुराम, सातवी पास, खाडीकाठच्या दवाखान्यात कंपाउंडर. बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवणारा माणूस. त्याने वैद्यकाच्या इंग्रजी खंडांत डोकं घालावं हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं, पण तिरोडकर डॉक्टरांना कोण सांगणार? साठ साली मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजने काढून टाकलेले अकरा खंड त्यांनी बोटीने मागवले आणि मला समोर बसवलं.

त्या खंडांत जगभरच्या डॉक्टरांच्या लेखांचे सारांश होते, प्रत्येकाला नंबर. शेवटी शब्दांची यादी आणि शब्दापुढे नंबर. "आधी चिठ्ठी लिहायची," डॉक्टर सांगत. "रोगी कोण, होतंय काय, कशानंतर झालं, किती वेळात झालं. मग त्यातले दोन शब्द यादीत काढायचे आणि दोन्हींपुढे जो नंबर असेल तोच उघडायचा." एकच शब्द धरून बसलो की चिडत. नुसता 'ताप' काढला तर दोनशे नंबर. वाचून होईपर्यंत रोगी बरा तरी व्हायचा, नाहीतर जायचा. वर्षभर अक्षर अक्षर लावत मी शिकलो. मिठबावच्या एका म्हाताऱ्याच्या चट्ट्यांवरचा उपाय मी शोधून दिला, तेव्हापासून तर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी जत्रेच्या आठवड्यात हे झालं. जत्रेत देवाचं निशाण धरायचा मान आमच्या घराचा. त्या आठवड्यात अख्ख्या गावात मासळी बंद, आमच्या घरात तर नावही काढायचं नाही. आणि नेमके माझ्या बायकोला, शेवंतीला, डोहाळे. पाचवा महिना होता. दवाखान्यात माझा डबा घेऊन यायची, तिथे हळूच म्हणाली, "येकदा तिसऱ्यो हाडून देशात?"

तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, आमच्याकडे पोरंसोरंही खातात. बाई कधी काही मागत नसे. सोमवारी सकाळी ओहोटीला मी पलीकडच्या काठावर गेलो, टॉवेलभर काढल्या. पाणी चार दिवस तांबूस दिसत होतं. म्हटलं, गाळ असेल. सुया उकळायच्या स्टोव्हवर दवाखान्याच्या मागे शिजवल्या. दुपारी डबा घेऊन आली तेव्हा तिने वाडगाभर खाल्ल्या आणि घरी गेली. मी शिवलो नाही. निशाण धरायचं होतं ना मला!

अर्ध्या तासात माझी आई, हौसाबाई, तिला धरून परत घेऊन आली. "माझे व्हट मेल्यासारके झालेत," शेवंती म्हणाली. बोटांना मुंग्या, पाय लटपटत होते. डॉक्टर फेरीवरून नुकतेच आले होते. त्यांनी पावलं पाहिली, सापाचा दात कुठे नाही. मला म्हणाले, "चिठ्ठी लिही. काय खाल्लं हिने?"

शेवंतीने माझ्याकडे बघितलं. दारात आई उभी. तीच बोलली, "आज सोमवार, त्यात जत्रा तोंडार इली. डाळ-भात. दुसरा काय खातली?"

मी तेच लिहिलं. स्वतःच्या हाताने. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढ्या पिढ्यांनी तिसऱ्या खाल्ल्या, कुणाला काय झालं? उगाच मान जाईल, गाव तोंडात शेण घालील.

मग बसलो शोधत. ओठ आणि बधिरपणा. पाय आणि लुळेपणा. गर्भारपण आणि लुळेपणा. डॉक्टर एका खंडात, मी दुसऱ्यात. नंबर जुळत, उघडावं तर कुठे सर्पदंश, कुठे पोलिओ, पण तो तापाशिवाय येत नाही आणि तिला ताप नव्हता. "काहीतरी राहतंय," डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत. माझ्या तोंडाला कुलूप. चारच्या सुमारास तिचा श्वास तुटायला लागला. डॉक्टरांनी तिला आडवं घालून हाताने छाती दाबून श्वास दिला. अर्धा तास घामाघूम होऊन दिला. काय झालंय तेच ठाऊक नाही, नाडी हाताला लागेना, शेवटी त्यांनी हात काढले. शेवंती गेली. पोटातलंही गेलं.

तेराव्यानंतर कामावर गेलो तर ती चिठ्ठी त्यांच्या टेबलावर. "परशुराम, ही मी मुंबईला पाठवणार आहे. आपल्याला जमलं नाही, त्यांना तरी सापडेल. वाचून बघ, काही राहिलं नाही ना?"

मी सांगितलं. सगळं, टॉवेलसकट.

त्यांनी खंड काढला, यादीत शिंपल्या आणि लुळेपणा. एकच नंबर. तीन मिनिटं लागली असतील. त्यांनी मराठीत वाचून दाखवलं: पाणी तांबडं झालं की शिंपल्यांत विष भरतं, आधी ओठ, मग हातपाय, मग श्वास. उतारा नाही. मात्र श्वास हाताने चालू ठेवला तर विष आपोआप उतरतं, दुसऱ्या दिवशी रोगी उठून बसतो.

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "मी अर्ध्या तासात थांबलो," ते म्हणाले. "मला क्षमा कर."

ते माझी क्षमा मागत होते. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं वाटलं मला.

घरी गेलो. शेजारची नर्मदा बसायला आली होती, आई तिला सांगत होती, सून पुण्यवान, सोमवार मोडला नाही. नर्मदा जाईपर्यंतही मला धीर निघाला नाही. म्हटलं, "आये, तिका मी तिसऱ्यो घातलंय. त्या विषान ती गेली. डॉक्टरांका सांगलंय असतंय तर वाचली असती."

आईने पदर सावरला. माझ्याकडे बघितलं नाही.

"माका ठावक होता," ती म्हणाली. "धरून हाडलंय तेव्हाच तिच्या हाताक वास येत होतो."