रूमी दरवाजाखाली मुक्ता

माझी धाकटी बहीण मुक्ता यजमानांसोबत म्हसवडहून आमच्याकडे लखनऊला आली, ती एक काम घेऊन. तिच्या मुलाने नवं घर बांधलंय. बैठकीतली मधली भिंत सुनेने, नयनाने, मुद्दाम मोकळी ठेवली आणि बजावलं, "आई, येताना तुमचा एकटीचा फोटो घेऊन या. इथं लावायचाय."

मुक्ताचा धड फोटोच नाही. तुळजापूर, गाणगापूर, गोंदवलं सगळं झालंय तिचं. पण प्रत्येक फोटोत तिचे यजमान राजारामराव मधोमध, आणि ही कडेला, हातात पिशव्या, एक खांदा फोटोच्या बाहेर.

माझा मुलगा विश्वजित छावणीत सुभेदार आहे. त्याच्या मुलीने, अवनीने, आम्हाला शहर दाखवलं आणि मनसोक्त फोटो काढले. उद्या दुपारची गाडी म्हणून संध्याकाळी आम्ही चहा घेत ते बघायला बसलो. एकच कामाचा निघाला. रूमी दरवाजाच्या उंच कमानीखाली मुक्ता उभी आहे, वाऱ्याने पदर उडतोय आणि ती खळखळून हसतेय. मात्र अर्धा फोटो राजारामरावांनी व्यापलेला. डोकं मागे टाकून ते बाटलीतून पाणी पितायत. मागे कचऱ्याचा निळा डबा. आणि ऊन पाठीमागून असल्याने मुक्ताचा चेहरा काळवंडलेला.

"टेन्शन मत लो," अवनी म्हणाली. "एक टच में सब ठीक हो जाता है." तिने मुक्ताचा चेहरा मोठा करून एक बटण दाबलं आणि फोन पुढे धरला.

मुक्ताने बराच वेळ पाहिलं. "छान आहे. कोण गं ही?"

तोंड दुधासारखं पांढरं झालं होतं. सुरकुत्या गेल्या होत्या आणि हनुवटीवरचं गोंदणही गेलं होतं. ते तीन ठिपके आम्हा दोघी बहिणींना एकाच जत्रेत, एकाच बाईने गोंदले होते. मी रडून गोंधळ घातला होता. मुक्ताने हूं की चूं केलं नव्हतं.

"फोन को लगा दाग है," अवनी ओशाळली. "मला पण वाटलं, फोटो में नहीं चाहिए होगा."

"राहू दे बाळा," मुक्ता कप उचलत म्हणाली. "माझं तोंडच फोटोजोगं नाही. नयनाला सांगते, भिंतीवर घड्याळ लाव."

ते मला लागलं. मी अवनीला म्हटलं, "आधीचा फोटो परत आण. आणि मला शिकव."

अवनीने चार कोपरे दाखवले. बोटाने आत ढकलले की फोटो कापला जातो. मी ढकलत गेले आणि नुसता चेहरा उरला.

"एवढ्या लांब येऊन आधार कार्ड काढलं होय?" मुक्ता म्हणाली.

बरोबर होतं तिचं. कमान हवी, उडणारा पदरही हवा. मी कोपरे बाहेर घेतले, तर कमानीबरोबर राजारामरावही परत आले.

ते खुर्चीतून वाकून बघत होते. "मला कापताय काय, आक्का?"

"मी नाही कापत. ज्याचा फोटो, तो कापेल." मी फोन मुक्ताच्या हातात दिला.

मुक्ताने बोट ठेवलं आणि कडा हळूहळू सरकवू लागली. बाटली गेली. डोकं गेलं. पोट गेलं.

"निदान हात तरी ठेव," राजारामराव म्हणाले. "सोबत होतो म्हणून."

"गाणगापूरला माझा कुठला हात ठेवला होता?" मुक्ता म्हणाली आणि सदऱ्याची बाहीसुद्धा गेली. आता कमानीखाली ती एकटी होती. राजारामराव स्वतःच हसले.

डबा पुसायचं काम माझं. बोटाने घासलं की तो नाहीसा होतो. मी जरा जास्तच घासलं, तर डब्याबरोबर मुक्ताची एक चप्पलही पुसली गेली. अवनीने ते मागे घ्यायला शिकवलं. दुसऱ्यांदा मी फोटो आधी मोठा केला आणि चप्पल सांभाळून घासलं. मग उजेड वाढवला, तर कमान चुन्यासारखी पांढरीफटक पडली. तोही मागे घेतला. खाली 'सावली' असं लिहिलेलं होतं, ते मी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि फक्त तेवढंच सरकवलं. चेहरा अंधारातून वर आला. सुरकुत्या आल्या, हसू आलं, हनुवटीवर तीन ठिपके आले.

मुक्ता हनुवटीला हात लावून बघत राहिली.

सकाळी सदर बाजारातल्या स्टुडिओत गेलो. मोठ्या आकारात छापायला सांगितलं. दुकानदाराने फोटो पडद्यावर घेतला आणि आपुलकीने विचारलं, "माताजी, चेहरा थोड़ा साफ कर दूँ?"

मी तोंड उघडायच्या आत मुक्ता पुढे झाली. "कुछ नहीं करने का, भैया. साफ ही है."

आठवड्याने नयनाचा व्हिडिओ कॉल आला. मधल्या भिंतीवर, चौकटीत, रूमी दरवाजाखाली मुक्ता हसत होती. स्टुलावर चढून खिळा राजारामरावांनीच ठोकला म्हणे. ते सांगायला ते स्वतः लगबगीने फोनसमोर आले आणि सवयीने मधोमध उभे राहिले.

मागून मुक्ताचा आवाज आला, "अहो, कडेला व्हा जरा. आक्काला भिंत दिसेना."

ते कडेला झाले.