कमरेत चेपलेली फुलदाणी

सुनेने इतकी वर्षं सरळसोट, देखण्या फुलदाण्या केल्या, तेव्हा कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. एक वाकडी निघाली, तिचा फोटो कुणीतरी पुढे पाठवला, आणि मोठ्या शोरूमची मालकीण स्वतः गाडी घेऊन दारात हजर! आता बोला.

महागड्या काचेच्या न् सिरॅमिकच्या वस्तू विकणारी ती बाई. तिने फुलदाणी हातात फिरवली. मधोमध चेपलेली, एका बाजूला चार बोटं उमटलेली, दुसरीकडे अंगठा.

"हिच्या कमरेत काय राग आहे हो!" बाई म्हणाली. "मला डझनभर द्या. महिनाअखेरीला. अगदी अश्शाच. सरळ नकोत, सरळ कुणीही करतं."

सून तोंडभरून हो म्हणाली. नाही म्हणून सांगते कुणाला? महिनाअखेरपर्यंत एखादी धड ऑर्डर पार पडली तर ठीक, नाहीतर भट्टी विकून गपगुमान नोकरी शोधायची, असं नवऱ्याशी ठरलेलं.

पण खरी गोम वेगळीच होती. ती कंबर सुनेने चेपलीच नव्हती. ओली फुलदाणी ठेवायला जागा मिळेना, म्हणून तिने ती घाईघाईत धुतलेल्या चादरींच्या चळतीवर टेकवली. सासूबाईंनी पाहिलं, कमरेला धरून उचलली आणि दाणकन फळीवर आदळली. भट्टीत एक कोपरा रिकामा होता, म्हणून ती तशीच भाजली गेली. बस, एवढीच ती कला!

सुनेने आपल्या हाताने चेपून पाहिलं. एक पिळलेल्या फडक्यासारखी झाली, दुसरी बसलीच. शेवटी नाक मुठीत धरून ती सासूबाईंकडे गेली.

दोघींचं भांडण होतं असं नाही. भांडण असतं तर बरं, निदान बोलणं तरी झालं असतं. भट्टी ठेवलेली मागची उन्हाची खोली आधी सासूबाईंची होती. भट्टी आली तशी त्यांनी ती मुकाट्याने रिकामी करून दिली, आणि तेव्हापासून घरात नुसतं "चहा ठेवलाय" आणि "बरं" एवढंच चालायचं.

सासूबाई आल्या, पदर खोचला, ओल्या फुलदाणीला तान्ह्या बाळासारखं उचललं आणि अलगद ठेवलं. फुलदाणी सरळच्या सरळ.

"अहो आई, जोर लावा ना! त्या दिवशी तर मुंडी मुरगळावी तशी धरली होतीत."

"मग? धरणारच! चादरींवर चिखल ठेवतं का कुणी? सकाळभर कंबर मोडून धुतल्या होत्या मी!" सासूबाईंचा आवाज चढला, बोटं रुतली, आणि फुलदाणी दाणकन फळीवर.

दोघी बघतच राहिल्या. हुबेहूब!

मग काय, रोज दुपारी भांडण सुरू झालं. सून चाकावर फुलदाणी वळवून द्यायची आणि एक जुनं उकरून काढायची. करपलेली कढई निघाली. आजारपणात न विचारल्याची गोष्ट निघाली. "तुमच्या लेकीचं तेवढं कौतुक" निघालं, त्यावर तर एकदम दोन फुलदाण्या झाल्या. इतक्या वर्षांचं तुंबलेलं, मोरी मोकळी व्हावी तसं घळाघळा वाहू लागलं. शेजारीण बिचारी मध्यस्थीला आली, तर दोघींनी मिळून तिची बोळवण केली, "आमचं काम चाललंय, नंतर या."

गंमत म्हणजे दोघींना ही दुपार आवडायला लागली होती. सासूबाई जेवतानाच विचारायच्या, "आज कशावरून?"

आणि नेमकी शेवटची अडली. बाकीच्या सगळ्या सुकून तयार, ही एक झाली की भट्टी लावायची, नाहीतर वेळेत पोचणार नाही. पण भांडणच संपलं!

"बोल काहीतरी," सासूबाई फुलदाणी धरून बसल्या होत्या. "माती वाळतेय."

"काही आठवतच नाही हो."

"खोलीचं बोल. खोली घेतलीस माझी."

"घेतली ना. चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं मी." सुनेचे डोळे भरून आले.

"गाढवे, अशाने राग येतो होय?" सासूबाईंनी डोळे पुसले आणि गालाला माती लागली. फुलदाणी ढिम्म, सरळ उभी.

तेवढ्यात नवरा कामावरून आला. दोघींचे डोळे ओले पाहून त्याला वाटलं, झालं, आज टोकाला गेलं. शहाण्याने समजूतदार आवाज काढला.

"पुरे करा आता. एका ऑर्डरपायी घराचा आखाडा झालाय. भट्टी विकून टाकू. आईला तिची खोली मिळेल, आणि हिचा हा मातीचा खेळही एकदाचा संपेल."

सासूबाई फुलदाणीची कंबर आवळून ताडकन उठल्या.

"खेळ? खेळ म्हणतोस तू याला? भट्टीपुढे उभी राहून हिचे हात भाजतात, ते बघितलेस कधी? आणि माझी खोली मी दिलीय हिला, तू कोण परत घेणारा? विक म्हणे भट्टी! हात तर लावून बघ!"

आणि फुलदाणी फळीवर अशी आदळली की बाकीच्या हादरल्या.

कंबर इतकी खोल बसली होती की आजवर तशी एकही झाली नव्हती. सुनेला हसूही येत होतं आणि रडूही. भिंतीला चिकटलेला नवरा हळूच दाराकडे सरकू लागला.

"याला जाऊ देऊ नकोस गं," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "माती उरली असेल, तर अजून दोन होतील."