पापणीखालची पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे. पण मित्रांनो, तुमच्या दप्तरातली रेघा मारायची नव्हे. मी पोलादाची, बोटभर लांब, किंचित वाकलेली आणि अगदी गुळगुळीत. डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर पापणीवर शस्त्रक्रिया करतात, तेव्हा मला पापणी आणि बुबुळ यांच्या मधे सरकवतात. वर सुरी चालते, खाली डोळा असतो. सुरी निसटली तर तिचा वार मी झेलायचा, एवढंच माझं काम.

घडवणाऱ्या कारागिराने मला इतकं घासलं होतं की माशीचाही पाय घसरावा. पुढे कितीतरी वाकड्या पापण्या माझ्यावर टेकून सरळ झाल्या. ही पट्टी असली की हात निर्धास्त चालतो, असं डॉक्टर म्हणायचे आणि मी फुशारून जायचे. पण खरं सांगते, मी भित्री आहे. उघड्या डोळ्याच्या इतक्या जवळ राहून कोणीही भित्रं होईल.

एका सकाळी हत्यारं धुणाऱ्या मावशींच्या ओल्या हातातून मी निसटले आणि फरशीवर आपटले. माझ्या कडेला बारीकसं कुसळ उभं राहिलं, नुसत्या नजरेला न दिसणारं. मावशींनी दाराकडे पाहिलं, मला पुसलं आणि गुपचूप ट्रेमध्ये ठेवून दिलं. नुकतंच एक भिंग फुटल्यावरून त्यांनी बोलणी खाल्ली होती. वाफेच्या यंत्रात माझ्यावरचे जंतू मेले, कुसळ मात्र तसंच राहिलं.

एरवी सिस्टर प्रत्येक हत्याराच्या कडेवरून कापूस फिरवायच्या. कड खरखरीत असली की कापसाचा धागा अडकतो. त्या दिवशी ट्रे कालच तपासलाय म्हणून त्यांनी कापूस घेतलाच नाही.

रफूकाम करणाऱ्या एक काकू शस्त्रक्रियेच्या टेबलावर आल्या. त्यांच्या पापण्या आत वळल्या होत्या आणि पापण्यांचे केस बुबुळाला घासत होते. त्यांची जाऊ घरीच चिमट्याने ते केस उपटायची. तेवढ्यावर दिवस काढता काढता एक डोळा कायमचा गेला होता. या शस्त्रक्रियेत पापणी बधिर करतात, पण माणूस जागा असतो. म्हणून त्या दवाखान्यात कोणीतरी पेशंटचा हात धरून बसायची पद्धत होती. त्या दिवशी मावशी बसल्या.

काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाल्या, "हा एकच उरलाय हो. हाही गेला तर मी काय करू?"

मावशींनी काही होणार नाही म्हणून सांगितलं, पण त्यांची नजर ट्रेवरच होती.

डॉक्टरांनी मला उचललं. मित्रांनो, मला ओरडायचं होतं. पण तोंडच नाही, तर ओरडणार कशी? काकूंची पापणी वर झाली. खाली ओलसर बुबुळ थरथरत होतं आणि मी त्याच्या जवळ जवळ चालले होते. मला काळीज असतं तर त्याचं पाणी पाणी झालं असतं.

"डॉक्टर, थांबा," मावशी म्हणाल्या. "ती पट्टी सकाळी माझ्या हातून पडलीय."

डॉक्टरांनी मला मागे घेतलं. सिस्टरांनी कापूस घेतला आणि माझ्या कडेवरून फिरवला. धागा अडकला. डॉक्टरांनी मला बाजूला ठेवलं आणि दुसरी पट्टी मागितली. मावशींना नंतर बोलणी बसायची ती बसलीच. काकूंनी सगळं ऐकलं होतं, तरी शेवटचा टाका पडेपर्यंत त्यांनी मावशींचा हात सोडला नाही.

आता मी कपाटात पडून असते. मला घासून पुन्हा गुळगुळीत करता येईल, पण तेवढी सवड कोणाला नाही. याचं वाईट वाटतं. तरी बाजूला पडले त्या क्षणी जेवढं हायसं वाटलं, तेवढं कौतुकानेही कधी वाटलं नव्हतं.

मित्रांनो, हातून वस्तू पडते, सगळ्यांच्याच पडते. पडली की लगेच सांगा. बोलणी खाल्ली तरी माणूस रात्री जेवतो, झोपतो आणि चार दिवसांनी विसरतो. काकूंकडे मात्र तिसरा डोळा नव्हता.